इंजिन बदलण्याआधी ते उघडायला लावा

वाचकाचं पत्र: तीन वर्षांपूर्वी मी एक आलिशान डिझेल एसयूव्ही सेकंडहँड घेतली. तीन लिटरचं व्ही-सिक्स इंजिन, आता नव्वद हजारांच्या वर किलोमीटर झालेत. सर्व्हिसिंग कायम कंपनीच्याच सेंटरमध्ये, स्क्रीनवर सूचना आली की लगेच. वापर म्हणाल तर मुलांची शाळा आणि ऑफिस, दोन्ही पाच-सात किलोमीटरच्या आत. वर्षभरापासून सकाळी गाडी सुरू केली की दोन-तीन सेकंद खडखड व्हायची. दोनदा दाखवलं, ‘या इंजिनाचा आवाज असाच असतो’ म्हणाले. मागच्या महिन्यात ऑइलचा लाल दिवा लागला. घर जवळच होतं म्हणून तशीच नेली. शेवटी शेवटी खालून ठोके पडत होते. आता सर्व्हिस सेंटर म्हणतं, पूर्ण इंजिन बदला. बाहेरचा मेकॅनिक म्हणतो, फक्त टायमिंग चेन आहे, मी करून देतो. याच मॉडेलच्या कितीतरी मालकांना हाच त्रास झालाय, मग हा कंपनीचा दोष नाही का? मेव्हणे म्हणतात, जाड ऑइल टाक, आवाज दबेल, विकून मोकळा हो. बायको म्हणते, ही गाडी नको असं मी तेव्हाच सांगितलं होतं. काय करू?

उत्तर:

बायकोच्या मुद्द्यात मी पडत नाही. बाकी तिघांचं बघू.

त्याआधी एक काम. इंजिन सुरू करू नका. ‘आवाज नक्की कसा येतो ते ऐकू या’ म्हणून कोणी किल्ली मागितली तर देऊ नका. बेअरिंग गेलेलं इंजिन अर्धा मिनिट चाललं तरी जो क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा, कदाचित वाचला असता तो भंगारात जातो. दुसरं, ऑइल काढू देऊ नका. चेंबरमधलं, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या टाकीतलं जुनं ऑइल आणि जुना फिल्टर हाच आज तुमच्याकडचा सगळ्यात मोठा पुरावा आहे, आणि गॅरेजमध्ये पहिल्यांदा नाहीसा होतो तोच. वाईट हेतूने नव्हे, हाताला लागलेल्या सवयीने. गाडी हलवायचीच झाली तर चारही चाकं वर घेणाऱ्या फ्लॅटबेडवरून हलवा.

आता निदान. सर्व्हिस सेंटर आणि मेकॅनिक यांच्यापैकी कोणीतरी तुम्हाला फसवतंय असं तुम्हाला वाटतंय. पत्रावरून मला वाटतं, दोघंही बहुधा बरोबर आहेत. फक्त दोघं वेगवेगळ्या आवाजांबद्दल बोलताहेत.

थंड इंजिन सुरू करताना दोन-तीन सेकंद होणारी आणि मग थांबणारी खडखड ही बहुतेक वेळा टायमिंग चेनची, म्हणजे क्रँकशाफ्टच्या फिरण्याशी व्हॉल्व्हच्या उघडझापीचा मेळ राखणाऱ्या साखळीची असते. चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. रात्रभरात त्यातलं ऑइल उतरतं, सकाळी दाब तयार होईपर्यंत ढिली चेन गाईडवर आपटते. चेन ‘लांबते’ असं म्हणतात, प्रत्यक्षात तिच्या कड्यांमधल्या पिना झिजतात आणि झीज कडीकडीला जमत जाते. ऑइलमध्ये काजळी जास्त असली की ती पॉलिश पेपरसारखी काम करते. हा झाला तुमचा गेल्या वर्षाचा आवाज, आणि मेकॅनिकचं त्याबद्दलचं म्हणणं मला पटतं.

मागच्या महिन्यात खालून आले ते ठोके वेगळे. पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं की असा जड, खोल ठोका येतो. इंजिन तापलं, भार आला की तो वाढतो, काही सेकंदांनी थांबत नाही. बेअरिंग आणि क्रँकशाफ्ट यांच्यात मिलिमीटरच्या काही शतांश भागाइतकी फट असते आणि त्या फटीत दाबाने भरलेलं ऑइल दोन धातूंना एकमेकांपासून लांब ठेवतं. तो थर फाटला की धातूवर धातू घासतो, बेअरिंगचा शेल, म्हणजे त्याचं अर्धगोल पातळ कवच, जागेवरून फिरतो, त्याचं ऑइलचं भोक बुजतं आणि पुढचं सगळं फार लवकर होतं. आधी लाल दिवा, मग ठोके हा क्रम सर्व्हिस सेंटरच्या बाजूने आहे. अशा इंजिनात नुसती चेन बदलली तर सकाळची खडखड जाईल, ठोका राहील, आणि चेनचे पैसेही जातील.

चेन आणि बेअरिंग या दोन्हींच्या मागे एकच कारण असू शकतं. ते तुमच्या पाच-सात किलोमीटरमध्ये आहे असा माझा दाट संशय आहे.

डिझेलच्या धुरातली काजळी डीपीएफ नावाच्या फिल्टरमध्ये साठते आणि ठरावीक साठा झाला की गाडी ती जाळून टाकते. याला रिजनरेशन म्हणतात. त्यासाठी फिल्टर सहाशे अंश सेल्सियसच्या आसपास तापवावा लागतो, आणि बऱ्याच इंजिनांत त्यासाठी जळण्याचा टप्पा उलटून गेल्यावर सिलिंडरमध्ये थोडं जादा डिझेल सोडतात. यातलं काही डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली चेंबरमधल्या ऑइलमध्ये मिसळतं. गाडी मोकळ्या रस्त्यावर सलग चालत असेल तर काम एका दमात पूर्ण होतं आणि मिसळण्याचं प्रमाण किरकोळ राहतं. पाच किलोमीटरवर इंजिन बंद झालं की काम अर्धवट राहतं. संध्याकाळी पुन्हा सुरुवात, पुन्हा डिझेल, पुन्हा अर्धवट. पेट्रोल गरम ऑइलमधून बऱ्यापैकी उडून जातं. डिझेल तितकं सहज उडत नाही, साठत राहतं. काही टक्के डिझेल मिसळलं तरी ऑइल पातळ होतं आणि मी वर म्हटलेला तो थर टिकेनासा होतो.

यातली सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे ऑइलची पातळी. डिझेल मिसळल्यामुळे पातळी कमी होत नाही, वाढते. बऱ्याच आलिशान गाड्यांमध्ये आता डिपस्टिकच नसते, पातळी स्क्रीनवर दिसते. मालक पाहतो, पट्टी पूर्ण भरलेली, मनात म्हणतो छान. सेन्सर ऑइलची उंची मोजतो, त्याचा कस मोजत नाही. डिपस्टिक असती तर निदान बोटांत घेऊन बघता आलं असतं, नाकाला डिझेलचा वास आला असता. दोन टनांहून जड गाडीत कपहोल्डर गार-गरम करायची सोय द्यायची आणि एक पोलादी पट्टी वाचवायची, हे मला आजवर पटलेलं नाही.

त्यात भर म्हणजे लांबलेली मुदत. फोक्सवॅगन समूहाच्या ‘लाँगलाइफ’ पद्धतीत ऑइल दोन वर्षं किंवा ३०,००० किलोमीटरपर्यंत चालवण्याची मुभा आहे, इतर युरोपीय कंपन्यांचे आकडेही याच्या आसपासचे. महामार्गावर रोज शंभर किलोमीटर चालणाऱ्या गाडीला हे कदाचित झेपेल. शाळा-ऑफिस करणाऱ्या गाडीला झेपत नाही. तुम्ही ‘सूचना आली की लगेच’ सर्व्हिसिंग केलं, म्हणजे नियम मोडला नाही. पण सूचना देणाऱ्या प्रणालीने तुमचा वापर किती ओळखला होता, हा प्रश्न उरतोच.

हा सगळा अंदाज आहे, आणि अंदाजावर इंजिन बदलायचं नसतं. म्हणून सर्व्हिस सेंटरला लेखी कळवा: इंजिन का गेलं हे आधी सिद्ध करा, मग काय बदलायचं ते बोलू. तपासणी सोप्यातून अवघडाकडे जाते. पहिल्यांदा स्कॅनर लावून सगळे फॉल्ट कोड आणि ते कोणत्या किलोमीटरला पडले याची छापील प्रत घ्यायची. क्रँकशाफ्ट आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट यांचा मेळ बसत नसल्याचा पी००१६ सारखा कोड चेनकडे बोट दाखवतो, ऑइलचा दाब कमी असल्याचा कोड खालच्या बाजूकडे. बऱ्याच डिझेल गाड्यांत शेवटचं पूर्ण रिजनरेशन किती किलोमीटरपूर्वी झालं, किती वेळा अर्धवट राहिलं, याचीही नोंद असते, ती मुद्दाम मागा. हे सगळं कोड पुसण्याआधी व्हायला हवं.

मग ऑइलचा नमुना. स्वच्छ बाटलीत, तुमच्यासमोर, सीलबंद करून ऑइल तपासणाऱ्या प्रयोगशाळेत पाठवायचा. तिथे ऑइलचा घट्टपणा, त्यात इंधन किती, काजळी किती आणि कोणत्या धातूचे कण किती हे मोजतात. तांबं, कथील, शिसं किंवा ॲल्युमिनियम वाढलेलं असेल तर बेअरिंगकडे संशय जातो, लोखंड वाढलं असेल तर चेन, सिलिंडर किंवा खुद्द क्रँकशाफ्टकडे. सोडियम-पोटॅशियम सापडलं तर कूलंट ऑइलमध्ये शिरलाय का ते बघावं लागतं आणि माझी वरची सगळी मांडणी बदलते. इंजिनाच्या किमतीपुढे या तपासणीचा खर्च नगण्य असतो, आणि तरीही सर्व्हिस सेंटर ती आपणहून सुचवेल याची शक्यता कमी.

त्यानंतर ऑइल फिल्टर कापून त्याच्या घड्या उलगडून बघायच्या. चमचमता कण चुंबकाला चिकटतो की नाही एवढ्यावरूनही बरंच कळतं. शेवटी चेंबर उतरवून ऑइल ओढणाऱ्या नळीची जाळी बघायची आणि कनेक्टिंग रॉडची निदान एक कॅप सोडवून शेल बघायचा. काही गाड्यांत यासाठी पुढची सबफ्रेम खाली घ्यावी लागते, मजुरी लागते, सर्व्हिस सेंटर कुरकुरेल. करायला लावा. प्रत्येक पायरीचे फोटो काढा, आणि जमलं तर स्वतःचा स्वतंत्र तपासनीस सोबत न्या.

आता तुमचा मुख्य प्रश्न: कंपनीचा दोष आहे का?

इतर मालकांच्या तक्रारी वाचताना आकड्याने दबून जाऊ नका. ज्याचं इंजिन सुरळीत चालतंय तो कुठे लिहायला जातो? तक्रारी किती आहेत यापेक्षा त्या किती सारख्या आहेत ते बघा. तोच भाग, साधारण तेवढेच किलोमीटर, त्याच दोन-तीन वर्षांतल्या गाड्या, असं जुळत असेल तर त्यात अर्थ आहे. ‘इंजिन गेलं’ एवढंच समान असेल तर फारसा नाही.

महागड्या गाड्यांच्या इंजिनांत कंपनीचाच दोष निघाल्याची उदाहरणं हवी तेवढी आहेत. जनरल मोटर्सने एप्रिल २०२५ मध्ये ६.२ लिटर व्ही-एट इंजिनाच्या गाड्या परत बोलावल्या, एकट्या अमेरिकेत सुमारे सहा लाख. त्यात २०२१ ते २०२४ ची कॅडिलॅक एस्कलेडही होती. क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉड बनवतानाच दोष राहिले होते. त्याआधी मे २०२४ मध्ये टोयोटाने सुमारे एक लाख दोन हजार टुंड्रा आणि लेक्सस एलएक्स परत बोलावल्या. इंजिन बनवताना उडालेला धातूचा चुरा आतच राहिला होता, तो बेअरिंगपर्यंत पोचत होता, आणि विश्वासार्हतेसाठी नावाजलेल्या कंपनीवर इंजिनं बदलून देण्याची वेळ आली. २००३ ते २००६ च्या व्ही-एट पोर्शे कायेनमध्ये कूलंटच्या नळ्या प्लास्टिकच्या होत्या आणि त्या इंजिनाच्या ‘व्ही’मध्ये, ऐन उष्णतेत बसवलेल्या. ठिसूळ होऊन फुटायच्या, पुढे त्यांच्या जागी ॲल्युमिनियमच्या नळ्या आल्या. बीएमडब्ल्यूच्या एन६३ या व्ही-एटमध्ये दोन्ही टर्बो सिलिंडरांच्या मधल्या खोबणीत बसवले होते, त्या उष्णतेने आसपासच्या भागांचे हाल झाले, ऑइल खाण्याच्या तक्रारी आल्या. २०१४ च्या अखेरीस कंपनीने अमेरिकेत या इंजिनासाठी खास देखभाल योजना आणली. तिच्यात टायमिंग चेनची तपासणी होती आणि ऑइल बदलायची मुदत दोन वर्षांवरून एका वर्षावर आणली होती. मुदत कमी करणं म्हणजे आधीची जास्त होती याची कबुलीच, असं मी समजतो.

तुमच्या गाडीचं नाव मी मुद्दाम छापलेलं नाही, कारण तुमच्या इंजिनाचं कारण अजून सिद्ध व्हायचं आहे. पण व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक टाकून कंपनीच्या संकेतस्थळावर रिकॉल आहे का, म्हणजे गाडी परत बोलावली आहे का, ते आजच बघा. रिकॉल नसेल तर त्यावर थांबू नका. कंपन्या आपल्या सर्व्हिस सेंटरांना तांत्रिक परिपत्रकं पाठवतात, म्हणजे ‘अशी तक्रार आली तर असं करा’. ती मालकांना आपणहून कोणी सांगत नाही. ‘थंड स्टार्टच्या खडखडीबद्दल या इंजिनासाठी परिपत्रक आहे का’ हा प्रश्न ईमेलवर विचारा, तोंडी नको. असं परिपत्रक तुम्ही पहिल्यांदा गाडी दाखवली त्याआधीचं निघालं, तर ‘आवाज असाच असतो’ हे उत्तर त्यांना चांगलंच महागात पडू शकतं.

तुमच्याकडे त्या दोन भेटींची जॉबकार्डं, म्हणजे सर्व्हिस सेंटरने तक्रार आणि काम नोंदवलेले कागद, आहेत का? हाच तुमच्या दाव्याचा कणा आहे. त्यावर ‘ग्राहकाची तक्रार: सुरू करताना इंजिनाचा आवाज’ असं काही लिहिलेलं असेल तर वॉरंटी संपल्यानंतरही कंपनीकडे ‘गुडविल’ म्हणून खर्चाचा वाटा मागायला भक्कम आधार मिळतो. ही मागणी सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर करायची नसते. तिथल्या माणसाच्या हातात काही नसतं. थेट कंपनीच्या मुख्य कार्यालयाला लिहा. तारखा, किलोमीटर, जॉबकार्डांच्या प्रती, प्रयोगशाळेचा अहवाल, आणि नेमकी मागणी: सुटे भाग कंपनीचे, मजुरी माझी, किंवा तुम्हाला जे योग्य वाटेल ते. नुसता ‘न्याय द्या’ म्हणणाऱ्या पत्राला आभाराचं उत्तर येतं. हेही नाकारलं तर ग्राहक कायदा जाणणाऱ्या वकिलाला भेटा. दाव्याला मुदत असते, म्हणून फार रेंगाळू नका.

लाल दिव्याचं मात्र तुम्हाला स्पष्ट सांगायला हवं. पिवळा दिवा लागला तर गॅरेज गाठावं. ऑइलचा लाल दिवा लागला तर जागच्या जागी इंजिन बंद करावं, घर समोर दिसत असलं तरी. ते शेवटचं अंतर तुमच्या खात्यात जाईल, आणि गाडीच्या संगणकात ते किलोमीटरसकट नोंदलेलं असण्याची दाट शक्यता आहे. म्हणून कंपनीला लिहिताना लपवू नका, स्वतःच लिहा. त्यांनी ते शोधून काढलं तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जाईल. तसंही दिवा लागला तेव्हा नुकसानीची सुरुवात झालेली होती. तो लागण्याआधीचं वर्ष हा वादाचा मुद्दा आहे आणि त्या वर्षी तुम्ही दोनदा त्यांच्या दारात गेला होता.

क्रँकशाफ्टला ओरखडे पडलेले निघाले, तर दुरुस्ती तीन प्रकारे होते: कंपनीकडून नवं इंजिन, कारखान्यात पूर्ण खोलून नव्या मापाने बांधलेलं इंजिन, किंवा अपघातातल्या गाडीतून काढलेलं जुनं इंजिन. तिसरं स्वस्त दिसतं, पण त्यात तोच दोष, तेवढंच वय आणि त्या मालकाने ऑइल कधी बदललं याचा पत्ता नाही. मी घेणार नाही. दुसरा मार्ग मला बहुतेकांसाठी शहाणपणाचा वाटतो, अट एवढीच की बांधणाऱ्याने लेखी वॉरंटी द्यावी. चेन इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे असेल, जशी ऑडीच्या व्ही-सिक्स डिझेलमध्ये किंवा बीएमडब्ल्यूच्या एन५७ मध्ये असते, तर इंजिन बाहेर आलेलंच आहे तेव्हा चेन, गाईड, टेन्शनर सगळं नवं टाकून घ्या. तेवढ्यासाठी पुन्हा इंजिन उतरवणं परवडणारं नाही.

आणि जे बिलात हमखास सुटतं ते: ऑइल कूलर. बेअरिंगचा चुरा ऑइलबरोबर कूलरच्या बारीक वाटांमध्ये जाऊन बसतो. कितीही धुतला तरी तो पूर्ण निघेल याचा भरवसा नाही, आणि नव्या इंजिनाच्या पहिल्याच फेऱ्यांत तो चुरा नव्या बेअरिंगमध्ये उतरतो. कूलर नवा हवा. टर्बोही त्याच ऑइलवर फिरतो, त्याचा शाफ्ट आणि ऑइलच्या नळ्या तपासून हव्यात. इंजेक्टर गळत नाहीत ना आणि डीपीएफ तुंबलेला नाही ना हे बघितल्याशिवाय इंजिन बसवू देऊ नका, नाहीतर नवं ऑइलही त्याच वाटेने पातळ होईल. जुनं इंजिन मात्र वाद मिटेपर्यंत ताब्यात ठेवा. ‘एक्स्चेंज’मध्ये ते परत द्यावं लागणार असेल तर आधी बेअरिंगचे शेल आणि फोटो आपल्याकडे घ्या.

मेव्हण्यांच्या सल्ल्यात एक गंमत आहे. वर सांगितलेल्या रिकॉलमध्ये जनरल मोटर्सने तपासणीत उत्तीर्ण झालेल्या इंजिनांना खरोखरच जास्त घट्ट ऑइल दिलं, ०डब्ल्यू-२० ऐवजी ०डब्ल्यू-४०. पण ते धडधाकट ठरलेल्या इंजिनांसाठी. ठोके देणाऱ्या इंजिनात जाड ऑइल टाकून आवाज चार दिवस दबेल आणि मग कोणा दुसऱ्याच्या हातात, कदाचित भर वेगात, इंजिन जाम होईल. शिवाय डीपीएफला चालणारं कमी राखेचं ऑइल सोडून भलतं ओतलं तर फिल्टरही जाईल. दोष लपवून विकण्याचं मी कोणालाच सुचवणार नाही. दाबलेला इंजिनाचा आवाज आणि खरेदीदाराचा वकील दोन्ही नंतर ऐकू येतात. विकायचीच असेल तर आहे तशी, अहवाल हातात देऊन विका. किंमत कमी येईल, प्रश्न मिटेल.

दुरुस्ती करून ठेवणार असाल तर पहिलं ऑइल दोन हजार किलोमीटरच्या आतच बदला आणि पुढे स्क्रीन काहीही म्हणो, आठ-दहा हजार किलोमीटर किंवा वर्ष, जे आधी येईल त्याला. दोन आठवड्यांतून एकदा तरी गाडी अर्धा-पाऊण तास सलग, बऱ्यापैकी वेगात चालवा, म्हणजे रिजनरेशन पूर्ण होईल. स्क्रीनवर पातळी वाढताना दिसली तर ऑइल बदला, वाट बघू नका. एवढं लांब चालवणं तुमच्या दिनक्रमात बसणारच नसेल, शाळा आणि ऑफिस एवढंच राहणार असेल, तर हे इंजिन कितीही चांगलं बांधून घेतलं तरी तुमच्या कामाचं नाही. मग दुरुस्ती झाल्यावर बिलं आणि अहवालासकट ती महामार्गावर फिरणाऱ्या माणसाला विका आणि स्वतः पेट्रोल, हायब्रिड किंवा विजेवरची गाडी बघा.